कळफलकावरचा कळीचा नारद

मराठीतील ‘कळ’ हा शब्द मोठा गुणी आहे. दाबताच यंत्र चालू होते ती कळ, पोटात उठते तीही कळ, आणि दोघांमध्ये लावून दिली जाते तीही कळच. संगणकाच्या पाटीला ‘कळफलक’ हे नाव ज्याने दिले त्याच्या मनात पहिलाच अर्थ असणार. पण उरलेले दोन्ही अर्थही आता त्या फलकावर बिऱ्हाडाला आले आहेत. आमचा रोख कोणाकडे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. संगणकावर मजकूर लिहिण्याच्या ज्या प्रणाली असतात, ज्यांना टेक्स्ट एडिटर म्हणतात, त्यांना वरून जोडावयाच्या लहानलहान पुरवण्या हल्ली फुकट मिळतात. तरुण मंडळी त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात; आम्हीही तेच म्हणू. ही एक्स्टेन्शने एकमेकांच्या आणि लिहिणाराच्या कळा परस्पर बळकावतात. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा बळी जावा, तसा ह्या तंट्यात पहिला बळी जातो तो ज्याला एकाच फलकावर दोन-तीन लिप्या नांदवाव्या लागतात त्याचा. हा योगायोग नव्हे. ही बेपर्वाई आहे, आणि तिला बेपर्वाईच म्हटले पाहिजे.

‘हे संगणकवाल्यांचे भांडण, आपल्या त्रैमासिकात कशाला?’ असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या घरांत आहे. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाइतका लिप्यांशी संसार दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल. आपल्या आजोबा-पणजोबांनी कचेरीत उर्दू लिहिली, वहीखात्यात मोडी चालवली आणि पोथीत बालबोध जपली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतून झाले. १९४८ नंतर इंग्रजी आणि १९५६ नंतर तेलुगू, अशा फायलींच्या भाषा बदलत गेल्या. आम्हीही सरकारी नोकरीत सकाळी तेलुगू टिपणी आणि सायंकाळी मराठी पत्र, असेच दिवस काढले. लेखणी एकच होती. ती कधी म्हणाली नाही की, ‘आता मी दुसऱ्याचे काम करते आहे, तुमचे ळ आणि ऱ्ह नंतर पाहू.’

आज आपल्यातील कितीतरी मंडळी निवृत्तीनंतर संगणकावर लिहीत आहेत. कोणी घराण्याची वंशावळ मांडतो, कोणी जुन्या ग्रंथालयाची पुस्तकयादी करतो, कोणी विकिस्रोतावर जुनी पुस्तके अक्षरशः पुन्हा लिहून काढतो. अशा लांबलचक कामाला साधा, हलका टेक्स्ट एडिटर सोयीचा पडतो. नातवंडे तो बसवून देतात आणि त्याबरोबर, ‘आजोबा, हेही असू द्या’ म्हणून चार-सहा एक्स्टेन्शने घालून देतात. तंट्याचे बी तेथेच पडते.

आता हा तंटा होतो कसा ते पाहू. कंट्रोल किंवा आल्ट ह्या कळीबरोबर एखादे अक्षर दाबले की अक्षर न उमटता एखादे काम होते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. झेड, एक्स, सी, व्ही ह्या शेजारच्या चार अक्षरांना पूर्ववत करणे, कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे ही कामे ॲपलच्या संगणकांनी १९८०च्या दशकात लावून दिली, ती पुढे जगभर रूढ झाली. ही रूढी लोकांच्या हातात बसली, कारण ती थोडी होती. पण फलकावर कळा शंभराच्या आसपास, आणि त्यांतील जुळण्या कितीही केल्या तरी बोटांना सोयीच्या अशा थोड्याच. २०१५ साली आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड ह्या एडिटरला आज हजारो एक्स्टेन्शने आहेत. प्रत्येकाला आपले काम एका झटक्यात व्हावे असे वाटते, म्हणून प्रत्येक जण आपल्या घोषणापत्रात ‘अमुक जुळणी माझी’ असे लिहून मोकळा होतो. त्याच जुळणीवर दुसऱ्याचा हक्क असेल तर? बसविताना कोणी विचारत नाही, सूचनाही मिळत नाही. एडिटर नियमांची यादी खालून वर वाचतो. जो नियम कळीला आणि प्रसंगाला प्रथम जुळेल तो चालतो आणि शोध तेथेच थांबतो. हरलेला पक्ष गप्प राहतो. लिहिणाराला एवढेच दिसते की काल चालणारी कळ आज चालत नाही.

महसुली दप्तरात ज्यांनी दिवस काढले त्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल. नोंद नाही, नोटीस नाही, पंचनामा नाही. जो शेवटी येऊन बसला त्याचा कब्जा. गायरानावर अशीच घरे उठतात.

उदाहरणादाखल कंट्रोल-एम ही एकच जुळणी घ्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या आणि विकिस्रोताच्या पानांवर मराठी लिहिण्याची सोय पानातच दिलेली आहे, आणि मराठीतून रोमनमध्ये व रोमनमधून मराठीत जाण्यासाठी तेथे कंट्रोल-एम दाबावे लागते. हीच जुळणी वर्डमध्ये परिच्छेद उजवीकडे सरकवते. पॉवरपॉइंटमध्ये नवी पाटी उघडते. फायरफॉक्समध्ये पानाचा आवाज बंद करते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये तर ती टॅब कळीचा धर्मच पालटते: ओळ आत सरकवणारी टॅब नंतर भलतीकडेच उडी मारू लागते, आणि का, हे कळत नाही. इतके धनी ज्या कळीला आधीच आहेत तिच्यावर पुन्हा एखादे एक्स्टेन्शन येऊन बसते. आम्ही विकिस्रोतावर एका जुन्या पुस्तकाची पाने लिहीत असता, टिपणे ठेवण्यासाठी ब्राउझरला जोडलेल्या एका एक्स्टेन्शनने आमची ही कळ अशीच उचलून नेली. मराठी ओळीच्या मध्यावर टिपणाची चौकट उघडे आणि लिपी रोमनच राही. चार दिवस आम्ही फलकालाच दोष देत होतो, हे त्या एक्स्टेन्शनच्या शांतपणाला शोभेसेच झाले.

हे दुखणे मराठीपुरते नाही. ज्यांना एकच लिपी पुरते ते लोक यंत्र घडवतात आणि ज्यांना दोन लागतात त्यांची आठवण त्यांना शेवटी होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ॲपलच्या संगणकावर भाषा बदलण्यासाठी कमांड आणि स्पेस ही जुळणी होती. २००५ साली ‘स्पॉटलाइट’ हा शोधयंत्राचा नवा प्रकार आला आणि त्याने तीच जुळणी घेतली. जपानी, अरबी, रशियन लिहिणाऱ्यांच्या हाताला पडलेली सवय एका रात्रीत उपरी झाली. कंट्रोल-स्पेस ही जुळणी घेतली तर विंडोजवर चिनी लोक तिने लिपी पालटतात, ईमॅक्समध्ये तिने मजकुरावर खूण पडते आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये तिने पुढील शब्द सुचविले जातात. आपल्या शेजारच्या बंगालीत ‘अभ्र’ ही २००३ साली आलेली लेखनसोय घरोघर पोहोचली. तिची लिपी पालटण्याची कळ एफ-१२. ब्राउझरमध्ये तीच कळ तंत्रज्ञांची अवजारे उघडते.

सर्वांत बोलकी हकिकत पोलंडची. ‘मीडियम’ ह्या लेखनस्थळावर पोलिश लेखकांना २०१५च्या सुमारास असे आढळले की त्यांच्या लिपीतील बाकी सारी अक्षरे उमटतात, पण एसवर तिरकी रेघ असलेले अक्षर तेवढे उमटत नाही. कारण असे निघाले की, लेखन आपोआप जतन होत असल्याने लोकांनी कंट्रोल-एस दाबून ब्राउझरची ‘पान जतन करा’ ही चौकट उगीच उघडू नये म्हणून त्या स्थळाने ती जुळणी अडवून ठेवली होती. पोलिश लोक ते अक्षर उजवी आल्ट आणि एस दाबून लिहितात, आणि विंडोज उजव्या आल्टला कंट्रोल अधिक आल्ट असे समजते. झाले, दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने घरच्याच माणसाला अडवले. त्या संस्थेत मूळचा पोलिश असलेला अभिकल्पक होता म्हणून ही गाठ सुटली आणि त्याने ती लिहून प्रसिद्धही केली. आपल्याकडे अशी अक्षरे अडली तर ओळखणारा कोण बसला आहे?

आणि ती अडतातच. देवनागरीला दिसणाऱ्या अक्षरांखेरीज काही न दिसणारी चिन्हेही लागतात. ‘क्ष’ असे जोडून न दाखवता ‘क्‍ष’ असे सुटे दाखवायचे तर मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालावे लागते. समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरांतील ‘दऱ्या’ ह्यांतला भेद तर आपल्या भाषेचा प्राण आहे. ‘आचार्यांना’ दिलेला मान ‘आचाऱ्यांना’ गेला तर पंगतीत काय होईल ते सांगावयास नको. हा दुसरा ‘ऱ्य’ लिहिण्याचा एक मार्ग त्याच अदृश्य चिन्हातून जातो. विंडोजच्या देवनागरी इन्स्क्रिप्ट मांडणीत हे चिन्ह कंट्रोल, शिफ्ट आणि १ ह्या जुळणीवर आहे. आता पाहा: एक्सेलमध्ये हीच जुळणी आकड्यांना दोन दशांश स्थळे चढवते, आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोडमधील ‘नंबर्ड बुकमार्क्स’ हे लोकप्रिय एक्स्टेन्शन ह्याच जुळणीने ओळीवर पहिल्या क्रमांकाची खूण ठेवते. त्या एक्स्टेन्शनकर्त्याने डेल्फी नावाच्या जुन्या प्रणालीची सवय प्रामाणिकपणे पुढे चालवली, म्हणून त्याच्या हेतूविषयी आम्ही काही म्हणत नाही. पण जगात कोठेतरी ह्या तीन कळांवर कोट्यवधी लोकांच्या लिपीचे एक चिन्ह राहते, हे त्याला कोणी सांगितले नसावे, आणि एडिटरने तर सांगितले नाहीच.

रुपयाची गोष्ट ह्याहून ताजी. १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने ₹ हे चिन्ह स्वीकारले, त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेले आणि पुढे विंडोजच्या भारतीय इंग्रजी फलकावर उजवी आल्ट व ४ ह्या जुळणीवर त्याला जागा मिळाली. वर सांगितल्याप्रमाणे यंत्राच्या दृष्टीने ही जुळणी म्हणजे कंट्रोल-आल्ट-४. वर्डमध्ये कंट्रोल-आल्टबरोबर १, २, ३ हे मथळ्यांसाठी घेतलेले आहेत. रुपया शेजारच्याच घरात जीव मुठीत धरून राहतो. ज्या दिवशी एखादे एक्स्टेन्शन मथळ्याची चौथी पायरी म्हणून ४ घेईल त्या दिवशी आपल्या हिशेबातून रुपया नाहीसा होईल. कंट्रोल-आल्ट ह्या जोडीचा असा वापर करू नये हे मायक्रोसॉफ्टच्याच एका अनुभवी तंत्रज्ञाने २००४ साली जाहीरपणे लिहून ठेवले होते. वाचले किती जणांनी, हा प्रश्न निराळा.

‘ह्यावर उपाय नाही, कळा मोजक्याच आहेत’ असे म्हणणाऱ्यांसाठी दोन दाखले देतो. पहिला जुना आहे. ईमॅक्स हा एडिटर १९७०च्या दशकात जन्मला आणि १९८५ साली त्याचे ग्नू रूप आले. त्याच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की कंट्रोल-सी दाबून पुढे जे कोणतेही अक्षर दाबले जाईल ती जुळणी वापरणाराची. कोणत्याही पुरवणीने तिला हात लावू नये. एफ-५ ते एफ-९ ह्या कळाही तशाच राखून ठेवलेल्या. पुरवण्यांना कोठे बसता येईल तेही सांगितलेले आहे. हा कायदा नव्हे, संकेत आहे. तरीही लोक तो पाळतात, कारण घरधन्याची ओसरी कोणती आणि पाहुण्याची कोणती हे आधीच ठरले आहे. दुसरा दाखला क्रोम ब्राउझरचा. तेथे एक्स्टेन्शनला चारांहून अधिक जुळण्या सुचविता येत नाहीत, ‘सुचविता’ हाच शब्द तेथे वापरला आहे, आणि कंट्रोल-आल्टच्या जुळण्या तर उजव्या आल्टशी तंटा होऊ नये म्हणून मुळातच नाकारल्या जातात. सगळ्या जुळण्या एका पानावर दिसतात, तेथे बदलताही येतात. म्हणजे इच्छा असेल तर शिस्त लावता येते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडसारख्या एवढ्या थोर एडिटरने ती एक्स्टेन्शनांना का लावू नये?

ह्यावर तरुणांचे उत्तर ठरलेले आहे: ‘सेटिंगमध्ये जाऊन बदला ना!’ बदलता येते, हे खरे. त्या एडिटरमध्ये वापरणाराने स्वतः लिहिलेला नियम यादीत शेवटी जातो, म्हणून तोच जिंकतो. एकाच जुळणीवर कोण कोण बसले आहे ते पाहण्याची सोयही आहे. ही सोय चांगली आहे आणि तिचे श्रेय द्यावयास आम्ही चुकणार नाही. पण ती चोर पकडण्यासाठी आहे, चोरी थांबविण्यासाठी नाही. ज्याला चोरी झाली हेच ठाऊक नाही तो फिर्याद कोणाविरुद्ध देणार? अतिक्रमण झाले की नाही हे सिद्ध करण्याचा भार जमीनधन्यावर टाकायचा आणि अतिक्रमण करणाराने मात्र काहीच सिद्ध करावयाचे नाही, हा न्याय आम्ही नोकरीत कधी मानला नाही, निवृत्तीनंतर का मानावा?

दुसरे उत्तर ह्याहून धूर्त आहे. ‘आता बोला, संगणक लिहील, कळा हव्यात कशाला?’ बोलून लिहिणे उपयोगी आहे, डोळे अधू झालेल्यांना तर ते वरदानच. पण बोललेल्याचे शुद्धलेखन तपासायला पुन्हा कळाच लागतात, आणि वंशावळीतील नावे, सनदांतील फारसी शब्द, आपल्या हैदराबादी मराठीतील उर्दू-तेलुगूची ये-जा हे यंत्राने ऐकून बरोबर लिहावे ही अपेक्षा आज तरी भाबडी आहे. तिसरे उत्तर कोणी मोठ्याने देत नाही, पण देतात सगळेच: मराठी रोमन अक्षरांत लिहायची. कळ चालली नाही, लिपी पालटली नाही, निरोप तर आजच पाठवायचा. मग ‘आई’ रोमन अक्षरांत. आपल्या किती घरांत आज हे होते आहे ते प्रत्येकाने आपापल्या भ्रमणध्वनीत पाहावे. लिपी सोडण्याचा ठराव कोणी करत नाही. ती अशा लहानलहान अडथळ्यांपाशी टाकून दिली जाते.

आपल्या बाजूचीही थोडी झडती घेतली पाहिजे, नाहीतर हे लिखाण एकतर्फी ठरेल. पुण्याची श्रीलिपी आणि बंगळूरची आकृती ह्यांनी १९९०च्या दशकात मराठी छपाईचा कायापालट केला. पण प्रत्येकाचे अक्षरसंकेत निराळे, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याकडे उघडला की पानभर चिन्हांची खिचडी. मांडण्याही तशाच: कोणाची टंकलेखन यंत्राची, कोणाची उच्चारानुसारी, कोणाची स्वतःच कल्पिलेली. कळा बळकावण्याचा धडा एक्स्टेन्शनकर्त्यांनी गिरवण्याआधी आपल्याच फाँटकारांनी गिरवून ठेवला होता. आणि हे सगळे चालू असताना हाताशी इन्स्क्रिप्ट होती! केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ साली तयार केली, १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात ती समाविष्ट झाली. तिचे मर्म हैदराबादकराइतके कोणाला कळावे? इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठी ‘क’ आणि त्याच कळीवर तेलुगू ‘क’. ‘जे’वर दोन्हींचा ‘र’. शिफ्ट आणि ‘एन’वर दोन्हींचा ‘ळ’. बोटांना एकदा शिकवले की सकाळची तेलुगू आणि सायंकाळची मराठी एकाच हाताने लिहिता येते. उर्दू ह्या योजनेत बसत नाही, हे तिचे उणे. मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे, तेव्हा आपल्या दप्तरांतील मोडी कागद जसेच्या तसे लिहिणारे हात उद्या आणखी एक मांडणी मागणार. एका फलकावर चार-पाच लिप्या म्हणजे त्यांच्यात ये-जा करण्याची जुळणी ही चैन नव्हे, उंबरठा आहे. तोच कोणी उचलून नेला तर घरात शिरायचे कसे?

आता ज्यांच्याशी आम्हांस खरे बोलायचे आहे त्यांच्याकडे वळतो. मायक्रोसॉफ्टचे विकासकेंद्र ह्या शहरात १९९८ साली आले. त्यामागून गचीबावली-माधापूरच्या बाजूला काय काय उभे राहिले ते आपण पाहतोच. त्या इमारतींत आपलीच मुले, नातवंडे, भाचरे बसतात. एडिटर घडविणाऱ्यांत ती आहेत, एक्स्टेन्शने लिहिणाऱ्यांतही आहेत. घरी ती मराठी बोलतात. पण आपले काम तपासताना फलक मात्र इंग्रजीवरच ठेवतात. त्यांना दूरच्या पोलंडची गोष्ट सांगितली की ती हसतात, आणि आजीच्या संगणकावरील ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की ‘आजी, तू चुकीची कळ दाबलीस’ म्हणतात. आजीने कळ बरोबर दाबली होती, बाळांनो; ती तुम्ही आधीच दुसऱ्याला देऊन टाकली होती.

त्यांच्याकडे आम्ही दान मागत नाही. एक्स्टेन्शनने बसताक्षणी कोणतीही जुळणी घेऊ नये, सुचवावी आणि विचारावे. कंट्रोल-आल्टला हात लावू नये. कंट्रोल-शिफ्टबरोबरचे १ आणि २ हे आकडे भारतीय लिप्यांच्या अदृश्य चिन्हांसाठी मोकळे सोडावेत. आणि दोघांचा दावा एकाच कळीवर आला तर एडिटरने तो बसवितानाच उघड सांगावा, एवढे करणे एखाद्या आठवड्याचे काम आहे. ईमॅक्सप्रमाणे काही कळा कायमच्या लिहिणाराच्या नावे कराव्यात, ही त्यापुढची मागणी, आणि ती एडिटर बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे लेखी गेली पाहिजे. साहित्यसंस्थांनी आजवर ठराव पुष्कळ केले. एक ठराव कळफलकावर झाला तर बिघडणार नाही, मात्र त्याखाली तंत्रज्ञांच्याही सह्या हव्यात.

तूर्त एक लहानशी परीक्षा. ज्या घरात एक्स्टेन्शन लिहिणारे कोणी असेल त्याने आपले एक्स्टेन्शन चालू ठेवून, फलक मराठी इन्स्क्रिप्टवर नेऊन, पुढील ओळ लिहून पाहावी आणि लिपी मध्येच एकदा तेलुगूत नेऊन परत आणावी: ‘आचाऱ्यांनी दऱ्यांतून दर्यापर्यंत नेलेल्या क्‍षुल्लक भांड्यांचे ₹ ४००’. भारतीय इंग्रजी फलकावर जाऊन आणलेला रुपया धरून ओळ जशीच्या तशी उमटली तर ते एक्स्टेन्शन आमच्या यंत्रावर आनंदाने बसवू. कोणते अक्षर अडले हे मात्र त्याने आपल्या कंपनीला कळवण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवावे. बहुतेकांना ते आधीच ठाऊक असेल.